पाठीवरची कवटी

बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात १९६५ साली सतरा वर्षांच्या एका मुलाचा हात यंत्रात सापडला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं तुटून गेली. मुलगा डावखुरा, गिटार वाजवणारा; म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. कारखान्यातला तो त्याचा शेवटचा दिवस होता. गिटार आता विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं घरी येऊन भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिची शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणं केली, ती घासून घासून बोटांवर बसवली आणि तारेवरून घसरू नयेत म्हणून एका जुन्या जॅकेटच्या चामड्याचे तुकडे कापून त्यांच्यावर चिकटवले. त्या मुलाचं नाव टोनी आयोमी. १३ फेब्रुवारी १९७० रोजी त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला आणि हेवी मेटल तिथून सुरू झालं, असं बहुतेक जाणकार मानतात.

या संगीताच्या जन्मकथेतच एक कापलेलं जॅकेट आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या गरजेची वस्तू बाजारात मिळत नाही, तर घरात असेल ते कापून, वितळवून, शिवून ती आपणच करायची, ही मेटलची पहिल्या दिवसापासूनची सवय. ते ऐकणाऱ्यांनी पुढे आपल्या अंगावरच्या कपड्यांचं जे केलं, ते याच सवयीतून आलं. काळा टी-शर्ट किंवा बाह्या कापलेलं डेनिमचं जॅकेट, आणि त्यावर आपल्या हातानं काढलेली कवटी, भूत, तलवार, बँडचं नाव. घरचे लोक याला वयाचं वेड समजतात. माझ्या मते ही एक सरळसरळ हस्तकला आहे. तिला ऐंशीहून अधिक वर्षांची परंपरा आहे, तिची स्वतःची तंत्रं आहेत, आणि ती शिकण्यासारखी आहे.

परंपरेची सुरुवात संगीतात नाही, युद्धात आहे. अमेरिकी सैन्याच्या हवाई विभागानं १९३१ मध्ये वैमानिकांसाठी ए-टू नावाचं तपकिरी चामड्याचं जॅकेट ठरवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या तळांवरून जर्मनीवर बॉम्बफेक करायला जाणाऱ्या तुकड्यांनी या जॅकेटच्या पाठी रंगवायला सुरुवात केली. विमानाच्या नाकावर जे चित्र असेल तेच पाठीवर यायचं: एखादी तरुणी, सैतान, गरुड, विमानाचं लाडकं नाव. तळावर ज्याचा हात बरा चालतो असा एखादा सैनिक ब्रश घेऊन बसायचा. चित्राच्या खाली किंवा कडेला छोटे छोटे बॉम्ब काढलेले असत, एका मोहिमेला एक बॉम्ब. सुरुवातीच्या काळात पंचवीस मोहिमा पुऱ्या करणाऱ्याला घरी पाठवत, आणि तिथवर न पोचणारे पुष्कळ असत. म्हणजे पाठीवरचा एकेक बॉम्ब हा जिवंत परत आल्याचा एकेक दिवस होता. माणूस काय करून आला आहे, हे त्याच्या पाठीवर वाचता येत होतं. पुढच्या साऱ्या रंगवलेल्या जॅकेटांचं मूळ मला बॉम्बच्या या रांगेत दिसतं.

युद्ध संपल्यावर घरी आलेल्या काही तरुणांचं मन रोजच्या आयुष्यात लागेना. कॅलिफोर्नियात त्यांनी मोटरसायकली घेतल्या, टोळ्या केल्या. हेल्स एंजल्सची स्थापना १९४८ ची. चामड्याच्या जॅकेटवर बाह्या कापलेलं डेनिम चढवायचं आणि त्याच्या पाठीवर टोळीचं चिन्ह लावायचं, ही पद्धत त्यांची. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोच्या पाठीवर कवटी आणि तिच्यामागे गुणाकाराच्या चिन्हासारखे दोन पिस्टन रंगवलेले होते. ब्रिटनमध्ये हा चित्रपट दाखवायला बरीच वर्षं परवानगी नव्हती, तरी त्यातलं जॅकेट तिथे पोचलंच. लंडनच्या बाहेरच्या वळणरस्त्यावरच्या एस कॅफेसमोर जमणारी पोरं आपल्या जॅकेटवर ट्रायम्फ, बीएसए अशी गाड्यांची नावं पांढऱ्या रंगानं लिहीत आणि धातूची बटणं ठोकत. गाड्यांच्या नावांच्या जागी बँडची नावं यायला मग फार वेळ लागला नाही. जुडास प्रीस्ट या बँडच्या रॉब हॅल्फर्डनं १९७० च्या दशकाच्या अखेरीस चामडं, साखळ्या आणि बटणं रंगमंचावर आणली, तो मोटरसायकलवर बसूनच मंचावर येऊ लागला, आणि मेटलचा पोशाख ठरून गेला.

चाहत्यांना मात्र चामडं परवडत नव्हतं. ते कारखान्यांच्या गावातले कामगारांचे मुलगे होते. त्यांच्याकडे डेनिम होतं. लंडनच्या किंग्जबरी भागात एका पबाला लागून नील के नावाचा माणूस साउंडहाउस नावाची जागा चालवत असे. तिथे मेटलच्या तबकड्या मोठ्या आवाजात लागत. येणारी मुलं हार्डबोर्ड कापून गिटारी करत, त्यांच्यावर तारा आणि बटणं रंगवत आणि त्या गळ्यात अडकवून नाचत. ‘साउंड्स’ साप्ताहिकानं मे १९७९ मध्ये ज्याला ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट म्हटलं, ती लाट अशा जागांतून उठली. वाद्य घेणं परवडत नाही म्हणून वाद्याचं चित्र गळ्यात घालणारी मुलं आपलं जॅकेट कोरं कसं ठेवतील?

इंग्रजीत या जॅकेटला बॅटल जॅकेट म्हणतात, म्हणजे रणांगणावरचं. जर्मनीत त्याला ‘कुट्टं’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आहे ख्रिस्ती साधूचा झगा. मला हा दुसरा शब्द जास्त खरा वाटतो. टॉम कार्डवेल या ब्रिटिश चित्रकारानं अशा जॅकेटांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, एकेक जॅकेट समोर ठेवून त्याची बारकाईनं चित्रं रंगवली आणि त्यावर पुस्तक लिहिलं. ज्या वस्तूला लोक चिंध्या म्हणतात, तिच्यासमोर एक शिकलेला चित्रकार असा बसून राहतो, यातच तिचं मोल कळतं.

आता प्रश्न असा, की विणलेले पॅच आणि छापील टी-शर्ट मिळत असताना हातानं का काढायचं? पहिलं उत्तर साधं आहे: कित्येक ठिकाणी ते मिळतच नव्हते. पूर्व जर्मनीत १९८० च्या दशकात मेटल ऐकणारे हजारो तरुण होते, पण सरकारी दुकानांत त्यांच्यासाठी काहीही नव्हतं. पश्चिमेकडच्या नातेवाइकानं पाठवलेल्या एखाद्या कव्हरवरून, मासिकातल्या फोटोवरून ते लोगो उतरवून घेत आणि कापडावर काढत. आपल्याकडेही फारसं वेगळं नव्हतं. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा संगीतमहोत्सव भरायला लागला. अलाहाबादहून १९९३ मध्ये ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघू लागलं. कॅसेट एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत फिरायच्या. संगीत पोचत होतं, कपडे पोचत नव्हते. ज्याचा मामा किंवा भाऊ परदेशी असेल त्याच्याकडे एखादा खरा टी-शर्ट असायचा, आणि बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत उभे राहायचे.

मी त्या बाकीच्यांतला. डोंबिवलीत, दहावीच्या सुट्टीत, घरच्या दाराला रंग देऊन उरलेल्या ऑइलपेंटनं मी काळ्या टी-शर्टवर आयर्न मेडन या बँडचं नाव काढलं. वाळल्यावर ते पापडासारखं कडक झालं आणि दुसऱ्या धुण्यात तुकड्यातुकड्यांनी निघालं. आमच्या आळीच्या तोंडाशी एक पेंटरकाका बसायचे. नंबरप्लेटी आणि दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. तो टी-शर्ट घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. रंग चुकला हे सांगितलंच, पण माझ्या ध्यानात राहिलं ते त्यांचं दुसरं बोलणं. अक्षरांच्या सावल्यांसाठी मी काळ्या कापडावर पुन्हा काळा रंग लावला होता. ते म्हणाले, “काळ्यावर काळं कशाला लावतोस रे? काळं आहेच की. तू फक्त उजेड लाव.”

हे वाक्य मी आजवर रंगवलेल्या प्रत्येक कपड्यामागे आहे. कागदावर आपण पांढऱ्यावर काळं काढतो, म्हणजे सावली काढतो. काळ्या कापडावर सगळं उलटं होतं. कवटीच्या डोळ्यांच्या खोबणी काढायच्या नसतात, त्या कापडातच असतात. काढायचं ते कपाळावरचं, गालाच्या हाडावरचं, दातांच्या कडांवरचं ऊन. मेटलची चित्रं काळ्या कापडावर इतकी शोभतात त्याचं हेच कारण आहे. ती बहुतेक अंधारात एकाच बाजूनं उजेड पडलेली चित्रं असतात.

आयर्न मेडनच्या कव्हरवरच्या एडी नावाच्या भुताचं उदाहरण घ्या. डेरेक रिग्ज या चित्रकारानं तो बँडसाठी काढलाच नव्हता. पंक संगीताच्या एखाद्या तबकडीला चालेल अशा कल्पनेनं तो आधीच रंगवून ठेवलेला होता. मेडनच्या लोकांना तो आवडला, चित्रात केस तेवढे वाढवून घेतले गेले, आणि एप्रिल १९८० मध्ये तो पहिल्या अल्बमवर आला. रात्रीचा लंडनचा रस्ता, दिव्याचा पिवळा उजेड, आणि त्यात वाळलेल्या कातडीचा चेहरा. त्या चेहऱ्याची नक्कल करायला बसलं की कळतं, अर्धा चेहरा रंगवलेलाच नाही, अंधारानं खाल्लेला आहे. नवशिक्यानं मात्र एडीपासून सुरुवात करू नये असं मी म्हणेन. मोटरहेड या बँडच्या मुखवट्यापासून करावी. जो पेटॅग्नोनं १९७७ च्या पहिल्या अल्बमसाठी काढलेला हा प्राणी गोरिला, लांडगा आणि कुत्रा यांच्या कवट्यांच्या मिश्रणातून झाला आहे, वर रानडुकराचे सुळे. मूळ चित्र काळं-पांढरं आहे, म्हणजे एका पांढऱ्या रंगाच्या बाटलीत काम होतं, आणि साखळीची एखादी कडी इकडेतिकडे गेली तरी चित्र बिघडत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. ज्यांना आपण आज पक्के, कंपनीचे लोगो समजतो त्यांतले कितीतरी पोरांनी वहीत काढलेले आहेत. मेटालिकाच्या नावातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर विजेसारखं खाली ओढलेलं आहे. तो लोगो जेम्स हेटफील्डचा, बँडमध्ये गाणाऱ्याचा. फ्लोरिडातल्या डेथ या बँडचा लोगो चक शुल्डिनरनं स्वतः काढला आणि पुढे अल्बमागणिक त्यातली कोळ्याची जाळी, रक्ताचे थेंब कमी कमी करत नेले. कॅनडातल्या व्हॉयव्हॉडचा ड्रमवादक मिशेल लांजव्हॅं बँडची कव्हरं पहिल्यापासून आपणच काढतो. आणि क्रिस्तोफ श्पाय्देल हा बेल्जियन माणूस तर वनशास्त्र शिकलेला. त्यानं पेन्सिल आणि शाईनं बँडचे हजारो लोगो काढले आहेत, नॉर्वेच्या एम्पररचा त्यांतलाच. ब्लॅक मेटल या मेटलच्या शाखेतली ती मुळांसारखी, फांद्यांसारखी, वाचता न येणारी अक्षरं पाहिली की त्याचं झाडांवरचं प्रेम दिसतं. म्हणून जॅकेटवर हातानं काढलेला लोगो ही छापील मालाची गरीब नक्कल आहे, हे मला मान्य नाही. छापील माल हीच हातानं काढलेल्या लोगोची नक्कल आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ.

कापड शुद्ध सुती घ्या. हल्ली बहुतेक जीनमध्ये लायक्रा असतो. कापड ताणलं जातं, त्यावरचा रंग तेवढा ताणला जात नाही आणि त्याला भेगा पडतात. जुनं, पुष्कळदा धुतलेलं डेनिम सगळ्यात उत्तम. नवं असेल तर आधी दोनदा धुवा, म्हणजे त्याची खळ जाईल आणि आटायचं तेवढं ते आटून घेईल. या धुण्यात कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा पातळ थर धाग्यावर राहतो आणि रंग धरू देत नाही. मग जाड पुठ्ठ्यावर प्लास्टिक चढवून तो पुठ्ठा जॅकेटच्या आत सरकवा आणि कापड टाचण्यांनी ताणून घ्या.

चित्र कापडावर उतरवायचे दोन मार्ग आहेत. पेंटरकाकांनी मला शिकवला तो चौकटींचा. मूळ चित्रावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कापडावर शिंप्याच्या खडूनं तेवढ्याच पण मोठ्या चौकटी, आणि मग एकेका चौकटीपुरतंच बघायचं. मुंबईतल्या सिनेमाच्या प्रचंड जाहिराती रंगवणारे याच रीतीनं हाताएवढ्या फोटोचा दोन मजली नायक करत. दुसरा मार्ग आपल्या घरांतला आहे. ठिपक्यांच्या रांगोळीसाठी कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठेवलेली असतात ना, तसंच करायचं. चित्राच्या रेषांवर सुईनं जवळजवळ भोकं पाडा, कागद कापडावर पक्का ठेवा, मलमलच्या पुरचुंडीत खडूची पूड घेऊन वरून थोपटा. कागद उचलला की काळ्या डेनिमवर ठिपक्यांची कवटी उभी असते. ती पहिल्यांदा पाहताना झालेला आनंद मला अजून आठवतो. कागद जपून ठेवला तर तोच नमुना मित्राच्या जॅकेटलाही चालतो.

रंग फॅब्रिक कलर म्हणून मिळतो तो. कोणत्याही चित्रकलेच्या दुकानात, बऱ्याच स्टेशनरीच्या दुकानांतही छोट्या बाटल्या असतात. हा अ‍ॅक्रिलिक रंग असतो. पाण्यात प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य तरंगत असतं. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटून एक लवचीक पापुद्रा तयार होतो आणि तो धाग्यांना धरून बसतो. ऑइलपेंटही वाळल्यावर पापुद्राच धरतो, पण तो ताठर. साधा अ‍ॅक्रिलिक वापरायचा असेल तर त्यात फॅब्रिक मीडियम मिसळा, म्हणजे तो मऊ राहील.

काळ्या कापडावर लाल किंवा पिवळा थेट लावला तर तो नाहीसा होतो. ही रंगद्रव्यं बरीचशी पारदर्शक असतात. उजेड त्यांच्यातून पार जातो आणि खालचं काळं कापड तो गिळून टाकतं. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते उजेड जोरानं परत फेकतं. म्हणून आधी सगळ्या उजळ भागांवर पांढरा बसवायचा, आणि तो पूर्ण वाळल्यावर त्यावर रंग. पांढऱ्याचे दोन-तीन पातळ थर द्या, एक जाड नको. जाड थर वाकताना तडकतो. पहिला थर राठ केसांच्या चपट्या ब्रशनं कापडात घासून घासून मुरवा. डेनिमची वीण तिरकी असते, तिच्या खाचांत रंग शिरला नाही तर वरच्या धाग्यांवर तेवढा बसतो आणि झिजून जातो. कडा आणि दात बारीक ब्रशनं शेवटी. आणि हात आवरा: उजेड जिथे पडत नाही तिथलं कापड सोडून द्या.

पावसाळ्यात आपल्याकडे हे काम रेंगाळतं. हवेतल्या ओलीमुळे थर वाळता वाळत नाही, आणि वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. मी जून ते सप्टेंबर फक्त कागदावरची तयारी करतो. बाकीच्या महिन्यांत पूर्ण चित्र झाल्यावर किमान एक दिवस जाऊ द्या, मग चित्रावर पातळ सुती फडकं ठेवून किंवा उलट्या बाजूनं, वाफ न वापरता, सुती कपड्याच्या तापमानाला इस्त्री फिरवा, एका जागी न थांबता काही मिनिटं. बाटलीवरच्या सूचना पाहा, कंपनीगणिक थोडा फरक असतो. उष्णतेनं पापुद्रा पक्का होतो. त्यानंतर तीन दिवस पाणी लावू नका. पुढेही धुताना कपडा उलटा करून, गार पाण्यात, हातानं, ब्रश न घासता. पूर्ण पाठीला मला साधारण तीस तास लागतात, महिनाभराच्या शनिवार-रविवारांत विखुरलेले.

टी-शर्टसाठी आणखी एक पद्धत आहे, रंग घालण्याऐवजी रंग काढून घेण्याची. क्लोरीनचं ब्लीच पाण्यात मिसळून काळ्या सुती टी-शर्टवर ब्रशनं रेषा काढली की मिनिटा-दोन मिनिटांत ती गंजाच्या, विटेच्या, कधी नारिंगी रंगाची होते. कोणता रंग येईल हे कारखान्यात काळा करायला काय वापरलं होतं त्यावर ठरतं, म्हणून आधी शिवणीच्या आत एक थेंब टाकून पाहा. ज्वाळा, गंजलेलं लोखंड, जुनी हाडं यांना हा रंग फार जमतो. चित्रावरून हात फिरवला तर काही लागत नाही, कपडा मऊच राहतो. ब्रश मात्र नायलॉनचा हवा; प्राण्यांच्या केसांचा ब्रश ब्लीच अक्षरशः विरघळवून टाकतं. पॉलिस्टरवर ब्लीचचा असा परिणाम होत नाही.

ब्लीचबद्दल एक इशारा नीट वाचा. हवा तो रंग आला की ब्लीच थांबवावं लागतं, नाहीतर ते सुती धागाच खात जातं आणि काही महिन्यांत चित्राच्या रेषेवर कापड फाटतं. ते व्हिनेगरनं थांबतं असं बरेच जण सांगतात. तसं मुळीच करू नका. क्लोरीनचं ब्लीच आणि कोणतंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, तो फुप्फुसं जाळतो. संडास धुण्याचं आम्लही त्याच्याजवळ नको. आधी भरपूर पाण्यानं धुवा आणि मग औषधांच्या दुकानात मिळणारं तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड पाण्यात घालून त्यात कपडा बुडवा. ब्लीच आणि पेरॉक्साइड यांच्या क्रियेतून मीठ, पाणी आणि प्राणवायू एवढंच उरतं. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. शक्यतो गच्चीतच बसा.

अक्षरांबद्दल मला एक खास गोष्ट सुचवायची आहे. मेटलचे लोगो बहुधा मधोमध रेष मारल्यासारखे दोन्हीकडे सारखे असतात, आणि अक्षरं वर किंवा खाली एका दांड्यानं जोडलेली असतात. देवनागरीत हा दांडा आधीच आहे. शिरोरेषा तलवारीसारखी दोन्ही टोकांना निमुळती करा, उभ्या कान्यांची टोकं भाल्यासारखी खाली ओढा, वेलांट्या शिंगांसारख्या वर न्या. मुंबईच्या ‘भयानक मौत’ या बँडचं नाव मी असं देवनागरीत काढून पाहिलं होतं. पाच मिनिटांत ते उभं राहिलं. अक्षरांच्या आकारांनीच अर्धं काम केलं होतं. ट्रकच्या पाठीवरची आणि जुन्या भयपटांच्या जाहिरातींवरची आपली अक्षरं पाहा. इंग्रजी लोगोंची नक्कल करता करता हा खजिना आपल्या हातून निसटू नये, असं मनापासून वाटतं.

जॅकेटांचे काही अलिखित नियम आहेत. न ऐकलेल्या बँडचं नाव अंगावर घालत नाहीत. पाठीचा मधला भाग सगळ्यात जिव्हाळ्याच्या बँडसाठी राखतात. आणि जॅकेट कधी पुरं झालं असं म्हणत नाहीत. जागा उरतेच, नाहीतर जुनं काढून नवं येतं. यातला पहिला नियम हातानं काढणाऱ्याला सांगावाच लागत नाही. तीस तास एका कव्हरकडे बघत बसायचं तर तेवढा वेळ तो अल्बम वाजतच असतो. शेवटी कोणत्या गाण्याच्या वेळी कोणता दात रंगवला हेसुद्धा आठवतं.

आयर्न मेडन १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वाजवून गेलं. त्यांचा त्या वर्षीचा जगाचा दौरा तिथूनच सुरू झाला. मी माझं एडीचं जॅकेट घालून गेलो होतो. रांगेत माझ्या पुढे कॉलेजातला एक मुलगा होता. त्याच्या टी-शर्टवर बॉलपेननं काढलेला एडी होता, घामानं शाई पसरून निळी झालेली. त्यानं मागे वळून माझी पाठ पाहायला मागितली, मी त्याचा एडी नीट पाहिला, आणि दारं उघडेपर्यंत आम्ही पांढऱ्या रंगाच्या थरांबद्दल बोलत राहिलो. त्या मैदानातल्या हजारो छापील टी-शर्टांतला एकही मला आठवत नाही.

एक शेवटची बाब, व्यवहाराची. दुसऱ्याचं चित्र आपल्या कपड्यावर आपल्यापुरतं काढणं वेगळं आणि ते काढून विकणं वेगळं. रिग्ज किंवा पेटॅग्नोसारख्या माणसांनी या चित्रांवर पोट भरलं आहे. त्यांची चित्रं विकायचा हक्क आपला नाही. मित्रमंडळींकडून मागणी येऊ लागली, पैसे घ्यावेसे वाटले, तर स्वतःची चित्रं काढा. तोवर तुमचा हात तयार झालेला असेलच.

रिग्ज आपल्या चित्रांत कुठेतरी एक छोटंसं चिन्ह लपवून ठेवतो, आपल्या सहीचं. मेडनचे चाहते ते शोधत बसतात. तुम्हीही तसं करा. कपाटातला एखादा जुना काळा टी-शर्ट काढा, पांढऱ्या फॅब्रिक कलरची एक बाटली आणा, या शनिवारी बसा. आणि चित्र झालं की कॉलरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत आपलं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.